आधी खलाशाचा पगार

(बीड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप)



बीडला बंदर नाही. बीडच्या पाण्यालाही अरबी समुद्र ठाऊक नाही. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते आणि लांबचा वळसा घेऊन अखेर गोदावरीतच जाते. आपलं सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. अशा गावात येऊन ‘बंदरातलं व्यापारी जहाज अडकवून ठेवण्याचा अधिकार’ या विषयावर बोलतो म्हटल्यावर संयोजकांनी मला पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचं काही चुकलं नाही.

पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वकीलसाहेब आयुष्यभर इथल्या न्यायालयात एकाच प्रश्नाशी झुंजत राहिले. निकाल हातात आहे, रक्कम ठरलेली आहे, आणि देणारा सापडत नाही. मग वसुली करायची कशातून? जगातला सगळ्यात निसटता देणेकरी म्हणजे जहाजाचा मालक. कंपनी एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे, आणि मालमत्ता पहाटेच्या भरतीला बंदर सोडून निघालेली. या माणसाकडून पैसे वसूल करायला माणसानं जो कायदा घडवला त्यात बीडनं पाहावं असं काही आहे. मजुराची मजुरी आधी आणि सावकाराचं गहाण नंतर, हा क्रम त्या कायद्यात शेकडो वर्षं टिकून आहे. आज मला मुख्यतः त्या क्रमाबद्दल बोलायचं आहे. पण आधी एका जहाजाची गोष्ट.

जहाजाचं नाव ‘एम. व्ही. एलिझाबेथ’. फिर्यादी गोव्यातली, वास्को-द-गामाची ‘हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग’ ही कंपनी. तिचा माल या जहाजावर मुरगाव बंदरात चढला. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी जहाजानं बंदर सोडलं, तेही मालाचे रीतसर कागद, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, न देताच. या कागदाला व्यापारात फार मोल असतं. तो ज्याच्या हाती, त्याचा माल. परदेशातल्या खरेदीदारानं पैसे दिले नव्हते, म्हणून माल त्याच्या ताब्यात देऊ नका असं कंपनीनं कळवलं होतं. जहाजानं तरीही माल देऊन टाकला. आता गोव्यातल्या या कंपनीनं जायचं कुठं? जहाजाचा मालक परदेशी. त्याचं भारतात ना घर, ना कचेरी, ना बँकेत खातं. समन्स काढलं तरी बजावणार कुणावर?

तेच जहाज पुन्हा भारतात आलं, पण गोव्याला नाही, विशाखापट्टणमला. १३ एप्रिल १९८४ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकमानं ते तिथं अडकवण्यात आलं. मालकानं १४,२५,००० रुपयांची बँक हमी भरली, जहाज सुटलं, आणि खरा वाद त्यानंतर सुरू झाला. मालकाच्या वकिलांचा मुद्दा भक्कम होता. सागरी दाव्यांचे अधिकार इंग्रजांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीनच न्यायालयांना दिले. आंध्रला ते आले ते मद्रासचा वारसा म्हणून. आणि तो वारसा तरी केवढा? इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्याएवढा. त्या कायद्यात बंदरात येणाऱ्या मालाबद्दल दावा चालतो. बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाचा त्यात उल्लेखच नाही. गोव्याचा माल तर बाहेर गेलेला. तेव्हा दावा फेटाळा.

इथं जरा थांबतो, कारण बीडचा याच्याशी एक धागा आहे. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आपल्या आजोबा-पणजोबांची अपिलं मुसीकाठच्या उच्च न्यायालयात जायची. राज्यं बदलली, आणि त्याच इमारतीत पुढं आंध्र प्रदेशचं उच्च न्यायालय बसलं. गोव्याच्या व्यापाऱ्याचा, परदेशी जहाजावरचा, विशाखापट्टणम बंदरातला दावा ऐकला गेला तो तिथं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. हुकूम काढणाऱ्या न्यायाधीशाला खिडकीतून समुद्र दिसायची गरज नसते.

२६ फेब्रुवारी १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. न्यायमूर्ती टी. के. थॉमन आणि न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांचं खंडपीठ. त्यांनी सांगितलं की भारत हे सार्वभौम प्रजासत्ताक आहे आणि इथली उच्च न्यायालयं स्वयंभू अधिकाराची आहेत. इंग्लंडनं एकोणिसाव्या शतकात जेवढं दिलं तेवढ्यावर त्यांचे हात बांधले जात नाहीत. आपल्या व्यापाऱ्याचं नुकसान करून गेलेलं जहाज आपल्या पाण्यात आलं, तर ते धरता येतं. माल आत आला की बाहेर गेला, यावर न्याय अवलंबून ठेवता येत नाही. मला हा निकाल आवडतो तो त्यातल्या किंचित चिडचिडीसाठी. स्वातंत्र्याला पंचेचाळीस वर्षं होत आली तरी आपण राणीच्या पार्लमेंटचे १८४०, १८६१ आणि १८९० चे कायदे उलटत बसलोय, स्वतःचा कायदा का करत नाही, असं न्यायालयानं संसदेला जवळजवळ विचारलंच. सागरी दाव्यांच्या कायद्याचा विचार करणाऱ्या प्रवीण सिंग समितीनं १९८६ मध्ये हेच म्हटलं होतं. १९९४ मध्ये विधी आयोगानं १५१ व्या अहवालात पुन्हा म्हटलं. कायदा आला २०१७ मध्ये, अमलात आला १ एप्रिल २०१८ पासून. सव्वीस वर्षं! आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

आता जहाज अडकवतात कसं ते सांगतो. मुंबईचंच उदाहरण घेऊ, कारण न्हावा शेवा, मुंबई, जयगड आणि गोवासुद्धा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत येतात. फिर्यादी न्यायाधीशांसमोर प्रतिज्ञापत्र ठेवतो: अमुक जहाज, अमुक धक्क्यावर किंवा नांगरावर, अमुक देणं. दावा मालकावर नसतो. दावा जहाजावर असतो. जहाज हेच प्रतिवादी. समोरच्याला नोटीस देऊन बोलावत बसलं तर तो नांगर उचलून निघून जाईल, म्हणून पहिला हुकूम एकतर्फी होतो. हुकूम झाला की वॉरंट निघतं आणि ते बजावतं शेरीफचं, म्हणजे मुंबईच्या नगरपालांचं कार्यालय. हे पद बरंचसं मानाचं आहे. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनीही ते भूषवलंय. पण त्या कार्यालयातला माणूस लाँचमधून जाऊन वॉरंट जहाजाच्या डोलकाठीवर किंवा दर्शनी भागावर चिकटवतो, त्या कामात मानाचं काही नसतं. पावसाळ्यात दोरशिडीवरून वर चढायचं असतं. त्याच वेळी बंदर अधिकाऱ्यांना आणि कस्टमला कळवलं जातं. बंदर सोडण्याचा परवाना मिळाला नाही की जहाज जागेवर खिळलं. साखळदंड लागत नाहीत, कागद पुरतो.

बहुतेक प्रकरणं इथंच मिटतात. धक्क्यावर किंवा नांगरावर उभ्या जहाजाचं भाडं बुडतं, बंदराचा आकार चढत जातो, पुढचा माल खोळंबतो. मालकाची विमा मंडळी, म्हणजे पी अँड आय क्लब, हमीपत्र देतात, किंवा मालक रक्कम न्यायालयात भरतो, आणि जहाज सुटतं. पुढं खटला त्या रकमेवर चालतो. एलिझाबेथच्या बाबतीत तेच झालं. जहाज धरण्याचा खरा उपयोग हा: पळून जाणाऱ्या देणेकऱ्याच्या जागी न्यायालयाच्या हाती ठेव येते. नेमकं ते जहाज सापडलं नाही तरी काही अटींत त्याच मालकाचं दुसरं जहाज धरता येतं. उलट बाजूही कायद्यानं पाहिली आहे. उगाच जहाज अडकवलं तर नुकसान भरून देईन अशी हमी न्यायालय फिर्यादीकडून घेऊ शकतं. एका दिवसाची खोटी लाखांत जाते, तेव्हा हे योग्यच आहे.

पैसे भरायला कुणीच आलं नाही, तर न्यायालय जहाजाचा लिलाव करतं, आणि लिलावात घेणाऱ्याला ते सगळ्या जुन्या देण्यांतून मोकळं मिळतं. जुनी देणी जहाज सोडून लिलावाच्या रकमेवर येऊन बसतात.

या अधिकाराचा पूर्वेतिहास कोकणच्या किनाऱ्यावर रंगीत आहे. पोर्तुगीज म्हणायचे, आमचा परवाना नसेल ते जहाज आम्ही धरू. कान्होजी आंग्र्यांनी तोच कायदा उलटा लावला. आंग्र्यांचं दस्तक नसेल ते जहाज आंग्र्यांचं. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटलं. त्याच इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं १६८० च्या दशकात सुरतेच्या व्यापारावर दबाव आणायला मोगल जहाजं पकडली होती, त्याला त्यांनी युद्ध म्हटलं. औरंगजेबानं जंजिऱ्याच्या सिद्दीला मुंबईवर सोडलं तेव्हा कंपनीला दंड भरून माफी मागावी लागली. जहाज अडवणारा चाचा की अधिकारी, हे तेव्हा ज्याचं आरमार मोठं तो ठरवायचा. पुढं न्यायालयं आली, आणि आज ते कलम ठरवतं.

आता मूळ मुद्दा. लिलाव झाला, रक्कम हाती आली आणि ती सगळ्यांना पुरत नाही. मग आधी कुणाला? २०१७ च्या कायद्याचं नववं आणि दहावं कलम क्रम लावून देतं. पहिला मान कप्तानाच्या आणि खलाशांच्या पगाराचा, त्यांना घरी पोहोचवण्याच्या खर्चासह. मग जहाजाच्या कामात मेलेल्या-जखमी झालेल्यांची भरपाई. मग संकटातून जहाज वाचवणाऱ्याचा मोबदला. मग बंदराची देणी, मग जहाजानं इतरांचं केलेलं नुकसान. ही पाच देणी भागल्यावर नोंदणीकृत गहाणाची, म्हणजे बँकेची, पाळी येते. तेल पुरवणारा, दुरुस्ती करणारा, माल गमावलेला व्यापारी हे सगळे त्याच्याही मागे.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मी हे असं सांगेन. सातबाऱ्यावर बोजा चढला नसेल तर जमीन घेणारा हात वर करतो. खलाशाच्या पगाराचा बोजा कुठल्याच वहीत चढवलेला नसतो, तरी तो जहाजाला चिकटलेला असतो. जहाज विकलं, नाव पुसून दुसरं लिहिलं, पनामाचा झेंडा काढून लायबेरियाचा लावला, तरी नवा मालक हात वर करू शकत नाही. या हक्काला मुदत मात्र आहे. बाकीच्या चार देण्यांना एक वर्ष, पगाराला दोन वर्षं. त्या अवधीत जहाज धरलं गेलं पाहिजे.

यात दोन गोष्टी मला विलक्षण वाटतात. पहिली, १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातली. खलाशानं करारावर सही करून हा हक्क सोडून दिला, तरी ते सोडणं रद्दबातल. कुणी दारू पाजून, कुणी गरजेचा फायदा घेऊन, कुणी बारीक अक्षरात काहीही लिहून घेतलं तरी जहाजावरचा त्याचा हक्क जात नाही. दुसरी गोष्ट जुनी आहे. एके काळी इंग्लंडात नियम असा होता की जहाजाला भाडं मिळालं तरच खलाशाला पगार. वादळात जहाज बुडालं तर मजुरीही बुडाली. धंद्याची जोखीम ज्याच्या अंगावर फक्त कपडे आहेत त्याच्या माथी. एकोणिसाव्या शतकात तो नियम मोडीत काढला गेला, आणि आपल्या कायद्यातही पगार भाड्यावर अवलंबून नाही.

हे कागदावर गोड वाटतं, प्रत्यक्षात कसं होतं? ‘मालविय सेव्हन’ हे जहाज मुंबईच्या जीओएल ऑफशोअर या कंपनीचं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोहोचवण्याचं त्याचं काम. खलाशी भारतीय. कंपनी डबघाईला आली, पगार थकले, आणि २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन बंदरात तिथल्या अधिकाऱ्यांनी जहाज अडकवून ठेवलं. खलाशी वर्षाहून अधिक काळ जहाजावरच. थंडीत, परक्या गावात, गावकऱ्यांच्या आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार संघटनेच्या मदतीवर. जहाज सोडून घरी जावं तर थकबाकीवरची पकड सुटण्याची भीती, आणि रिकामं जहाज बंदराला नको. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयानं विक्रीला परवानगी दिली. वसुलीतून पगार मिळाले, मग माणसं घरी आली.

या प्रकरणाकडे पाहून मी कायद्याची भाबडी स्तुती करू शकत नाही. जहाज अडकतं तेव्हा त्यावरची माणसंही अडकतात. नांगरावरचं जहाज राखायला ठरावीक खलाशी हवेतच, नाहीतर वादळात ते दुसऱ्यावर जाऊन आदळेल. त्यामुळे मालकानं पाठ फिरवली की ज्याचा पगार थकलाय तोच बिनपगारी राखणदार होतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या २०१४ च्या दुरुस्तीनं यावर उपाय केला, आणि २०१७ पासून तो लागू आहे. दोन महिने पगार नसेल तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं समजायचं आणि विम्यातून त्याला घरी पाठवायचं, चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगारासह. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. तरी अशी जहाजं आजही निघतात. विमा न उतरवणारा मालक या करारालाही विचारत नाही.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर? २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा म्हणतो, सगळे दावे थांबवा. सागरी कायदा म्हणतो, जहाज धरा. १९ मे २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. पी. कुलाबावाला यांनी ‘राज शिपिंग विरुद्ध बार्ज माधवा’ या प्रकरणात दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले. थोडक्यात निर्णय असा, की दिवाळखोरीची स्थगिती असली तरी जहाज अटकेत घेऊन आपला हक्क पक्का करता येतो. दावा मात्र तेवढ्या काळात पुढे सरकत नाही. खलाशाचा हक्क वाचला, वेळ नाही वाचला.

जहाज अडकवण्याचं दुसरं कारण पैशाशी निगडित नाही, जिवाशी आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात अजून त्या दिवसाची आठवण निघते. आभाळ भरून आलेलं, आषाढ अखेरचा, बोट खचाखच. धक्क्यावरून ती सुटताना कुणी अडवली नाही. धोकादायक जहाज सुटण्याआधीच अडवण्याचा अधिकार इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉलच्या आरडाओरड्यातून आला. जुनी, कुजलेली जहाजं भरपूर विमा उतरवून समुद्रात ढकलायची आणि ती बुडाली की मालकानं नफा कमवायचा, हा धंदा त्यानं पार्लमेंटमध्ये उघडा पाडला. १८७६ च्या कायद्यानं सरकारी सर्व्हेअरला असं जहाज रोखायचा हक्क दिला. जहाजाच्या कुशीवर माल भरण्याच्या मर्यादेची जी खूण रंगवलेली असते तिला आजही त्याचंच नाव आहे.

परदेशी झेंड्याच्या जहाजाची झडती घेण्याची पद्धत मात्र अलीकडची. १९७८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ‘अमोको कादिझ’ हे तेलवाहू जहाज फुटलं, आणि १९८२ मध्ये युरोपातल्या देशांनी पॅरिसला ठरवलं की झेंडा कुणाचाही असो, आमच्या बंदरात आलेलं जहाज आम्ही तपासणार. हिंदी महासागराच्या देशांनी १९९८ मध्ये असाच करार केला. त्याचं सचिवालय गोव्यात आहे, हे गोव्याला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतं. सर्व्हेअर जहाजावर चढतो, जीवरक्षक होडी खाली उतरवून दाखवा म्हणतो, आग विझवणारा पंप चालू करा म्हणतो, इंजिनखोलीत जाऊन तेलाचे डाग बघतो, खलाशांच्या झोपायच्या जागा आणि विश्रांतीच्या तासांची नोंदवहीसुद्धा तपासतो. किरकोळ उणिवांना मुदत मिळते. गंभीर उणीव निघाली की जहाज दुरुस्तीपर्यंत जागचं हलत नाही, आणि ती नोंद सगळ्या सदस्य देशांना दिसते.

मुंबईला याची गरज किती होती हे २०१०-११ च्या दोन पावसाळ्यांनी दाखवलं. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेव्यातून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. कंटेनर पाण्यात तरंगू लागले, तेलाचा तवंग खारफुटीत शिरला, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प. पुढच्या वर्षी जूनमध्ये भंगारात काढायला अलंगला ओढून नेत असलेलं ‘विस्डम’ दोर तुटून जुहूच्या वाळूत रुतलं. जुलैअखेर ‘पवित’ हे ओमानच्या किनाऱ्यापाशी खलाशांनी सोडून दिलेलं जहाज वाऱ्याबरोबर वाहत येऊन जुहू-वर्सोव्याला लागलं. माणूस नसलेलं जहाज एवढ्या जवळ येईपर्यंत कुणाला कळलं नाही, यावरून तेव्हा खूप ओरड झाली. आणि ४ ऑगस्टला ‘आरएके कॅरियर’ कोळशासकट मुंबईसमोर बुडालं. त्यानंतर जुन्या जहाजांच्या विम्याची चौकशी कडक झाली. २०२५ मध्ये संसदेनं १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा केला. तो कागदावर कसा आहे यापेक्षा धक्क्यावरचे सर्व्हेअर किती आहेत, यावर तो ठरेल.

मी आता आपल्या जिल्ह्याकडे येतो.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केजच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. कायदा इथं कुणाला काय देतो, ते पाहा. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, आणि तरीही नाही दिले तर पुण्याचे साखर आयुक्त महसुली थकबाकीसारखी वसुली लावतात. ते किती वेळेवर होतं हा वेगळा विषय, पण शेतकऱ्याला धरायला साखरेचं पोतं आहे. बँकेकडे गोदामाची किल्ली आहे. साखर तारण आहे. आणि ज्यानं तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत टाकला, त्याचं नाव कारखान्याच्या कुठल्याच हजेरीपटावर नाही. तो मुकादमाचा मजूर. त्याला धरायला काहीच नाही.

उलट धरला जातो तोच. उचल फिटली नाही म्हणून मजुराला, कधी बायकामुलांसह, अडकवून ठेवल्याच्या बातम्या आपण हंगामागून हंगाम वाचतो. १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं असं अडकवणं हा गुन्हा आहे. तरीही बॉन्डपेपरवर सह्या, अंगठे घेतले जातात, आणि त्यांची भीती खरी असते, कायदेशीर नसली तरी. खलाशाची सही त्याचा हक्क घालवू शकत नाही. ऊसतोड मजुराच्या अंगठ्यावर त्याचं स्वातंत्र्यच लिहून घेतात. पाऊस पडून तोड बंद राहिली तर खाडा मजुराचा, म्हणजे समुद्रावर दीडशे वर्षांपूर्वी मोडीत निघालेला नियम इथं फडात चालू आहे. मुकादम सगळे राक्षस आहेत असं मी म्हणत नाही. दोन-दोन ठिकाणी उचल घेऊन टोळी गायब झाली आणि मुकादम देशोधडीला लागला, हेही इथल्या वकिलांनी पाहिलंय. पण त्या भांडणात कारखाना आणि बँक बाजूला उभे राहतात, आणि साखर त्यांच्याकडे असते.

माझं म्हणणं सरळ आहे. हंगामाच्या साखरेवर तोडणी-वाहतूक मजुराच्या मजुरीचा पहिला हक्क का असू नये, बँकेच्या तारणाच्याही आधी? मधे मुकादम असो वा नसो. जहाजावर खलाशाची भरती एजंट करतो, तरी हक्क जहाजावरच राहतो. बँकवाले म्हणतील, असं झालं तर आम्ही कर्ज कसं द्यायचं? जहाजांना कर्ज देणाऱ्या बँका पिढ्यान् पिढ्या याच क्रमात धंदा करत आल्या आहेत. त्या फक्त खलाशांचे पगार वेळेवर होतात की नाही हे विचारत राहतात, कारण त्यांच्या वसुलीआधी ते फिटणार असतात. साखरेला कर्ज देणाऱ्या बँकेनं तेवढं विचारलं तर बिघडलं काय? दिवाळखोरीच्या कायद्यातसुद्धा कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारणधारकांच्या बरोबरीची जागा दिली आहे. पण कंपनीचा कामगार म्हणून नोंद असेल तर. तोडणी मजूर तिथंही दाराबाहेरच.

हे विधिमंडळाचं काम आहे, आणि मी विधिमंडळात नाही. त्यामुळे शेवटी ज्यांना आजच उपयोग होईल त्यांच्याशी बोलतो. आपल्या भागातली पोरंही आता मर्चंट नेव्हीची चौकशी करतात, आणि शहराशहरांत पैसे घेऊन ‘जॉइनिंग’ देतो म्हणणारे एजंट बसले आहेत. भरती करणाऱ्याकडे नौकानयन महासंचालनालयाचा परवाना लागतो; त्याचा आरपीएसएल क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ताडून बघा. कराराची सहीची प्रत घरी ठेवा. पगार थकला तर दोन वर्षांची मुदत डोक्यात ठेवा, आणि दावा तेव्हाच लावता येतो जेव्हा जहाज एखाद्या उच्च न्यायालयाच्या किनाऱ्याच्या पाण्यात असतं. २०१७ च्या कायद्यानंतर मुंबईचा हुकूम विशाखापट्टणमला चालत नाही, पूर्वी चालायचा. म्हणून जहाज कुठं आहे हे घरच्यांना कळत राहिलं पाहिजे. मोबाईलवर ते दिसतं. मुलगा जहाजावर चढला की जहाजाच्या नावाबरोबर त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक वहीत लिहून घ्या. नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक बदलतो. तो क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.